दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

ट्रस्टच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा प्रथम मनात आले की संस्थेच्या जुन्या दिवसांच्या आठवणी लिहाव्यात. परंतु ते काम माझ्याहून वडील मंडळी अधिक अधिकाराने करतील. मी तीस वर्षे इंदुरात शाळेत भूगोल शिकविला. तेव्हा भूगोलातलाच, पण घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा विषय घ्यावा, हे बरे.

विषय शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. आपल्या वार्षिक सभेनंतर चहा घेताना कोणासही विचारावे, "मुलगा हल्ली कोठे असतो?" उत्तर येते पुणे, नाहीतर बंगळूर, आणि तिसरे उत्तर हमखास कॅलिफोर्निया. ट्रस्टच्या निधीतून वह्यापुस्तके घेऊन शिकलेली मुलेही त्यांत आहेत, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्या मुलांपर्यंतचा रस्ता प्रत्यक्षात किती लांब आहे आणि तो काटण्यास किती वेळ लागतो, याविषयी आपल्या घरांत पुष्कळच गैरसमज आहेत. हा गैरसमज नेहमी निरुपद्रवी असतो असेही नाही. त्याची एक हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. आमच्या आळीतल्या एक काकू बुधवारी पहाटे गेल्या. एकुलता एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला. सकाळी सहा वाजता त्याला फोन गेला. तासाभराने त्याचा उलट फोन आला, "मी शुक्रवारी सकाळी घरी पोहोचतो." हे ऐकताच त्याचे मामा संतापले. म्हणाले, "सोळा तासांचे विमान आणि आज बुधवार. शुक्रवार कसा होतो रे? यायचे नसेल तर तसे सांग!" पलीकडून काहीच उत्तर आले नाही. दुपारी पुतण्याच्या हातून अग्नी दिला गेला. मुलगा खरोखरच शुक्रवारी सकाळी साडेआठला दारात उभा राहिला.

मी त्या वेळी तेथेच ओट्यावर बसलो होतो. मुलाचा हिशेब बरोबर आहे हे मला ठाऊक होते, पण शोकाच्या घरात मास्तरकी कशाला, असे वाटून मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची रुखरुख अजून गेलेली नाही. बुधवारचा शुक्रवार कसा होतो, हे तेव्हा न सांगितलेले आज सांगतो.

नकाशावरचे अंतर

प्रथम अंतर पाहू. शाळेतला भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्यावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पूर्वेकडे सरळ पट्टी ठेवली, तर ती चीन आणि जपान ओलांडून प्रशांत महासागरावरून जाते. हा रस्ता सुमारे १५,००० किलोमीटरांचा भरतो. पुष्कळांना वाटते की सरळ रेघ म्हणजे जवळचा रस्ता. कागदावर ते खरे, पण पृथ्वी कागदासारखी सपाट नाही.

घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या. नसेल तर मोठे मोसंबे चालेल. शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरा व दोरा ताणा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकेल. हिमालय आणि सायबेरिया ओलांडून तो उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावर जाईल आणि तेथून अलास्कावरून खाली उतरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागेल. ताणलेला दोरा हाच गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. त्या मार्गाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. म्हणजे पट्टीच्या रेघेपेक्षा अडीच हजार किलोमीटरांहून अधिक कमी!

हा गोंधळ नकाशामुळे होतो. गेरार्ड मर्केटर याने १५६९ मध्ये जो जगाचा नकाशा काढला, तो समुद्रावर होकायंत्राने दिशा धरून जाणाऱ्या खलाशांच्या सोयीसाठी होता. त्यात दिशा बरोबर राहाव्यात म्हणून ध्रुवांकडचा भाग फार ताणला गेला आहे. शाळांच्या भिंतींवर पुढे त्याच धर्तीचे नकाशे लागले, आणि उत्तरेकडून जाणारा जवळचा मार्ग आपणांस उगीच वळसा वाटू लागला.

हा दोरा नुसता पुस्तकातला नव्हे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे वाटेत उतरवावे लागले. ते उतरले रशियाच्या अतिपूर्व टोकाला, मगदान ह्या गावी. त्यात २१६ प्रवासी होते. बातमी वाचून आपल्याकडे कित्येकांनी विचारले, "अमेरिकेचे विमान रशियात कशाला गेले?" ते रस्ता चुकले नव्हते. त्याचा रस्ता त्या बाजूनेच होता.

वाऱ्याचा हिशेब

आता वेळेकडे वळू. मोठे प्रवासी विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. बारा हजार चारशेला नऊशेने भागले की पावणेचौदा तास येतात. मग जाताना एक वेळ, येताना दुसरी, उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात निराळी, असे का?

महेश्वरच्या घाटावर होडीत बसलेल्यांना हे सांगावयास नको. समजा, होडी स्थिर पाण्यात ताशी ८ किलोमीटर जाते आणि नर्मदेचा प्रवाह ताशी २ किलोमीटर आहे. ३० किलोमीटर अंतर प्रवाहाबरोबर जाण्यास ३ तास आणि प्रवाहाविरुद्ध येण्यास ५ तास लागतात. नदी तीच, होडी तीच, नावाडीही तोच. फरक काय तो पाण्याचा.

आकाशातही अशाच नद्या आहेत. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने ज्या थरातून जातात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. ह्या दोहोंतील फरकामुळे हवा वरून ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ती पूर्वेकडे वळते. ह्या वाऱ्यांच्या अरुंद, जोरदार पट्ट्यांना इंग्रजीत 'जेट स्ट्रीम' असे नाव आहे. आपण त्यांना झोतवारे म्हणू. वासाबुरो ओइशी ह्या जपानी शास्त्रज्ञाने उंच फुगे सोडून त्यांची मापे घेतली आणि १९२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. परंतु त्याने आपला अहवाल एस्पेरांतो ह्या कृत्रिम भाषेत छापल्यामुळे तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर जाणाऱ्या अमेरिकन विमानांना ह्या वाऱ्यांचा प्रत्यक्ष तडाखा बसला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

हिवाळ्यात हे वारे अधिक जोराचे असतात. आपल्या माळव्यालाही ते परके नाहीत. पौष-माघात अचानक आभाळ भरून येते, मावठ पडते आणि गव्हाला पाणी मिळते. पश्चिमेकडून ते ढग आणणारी वादळे ह्याच उंच वाऱ्यांबरोबर येतात.

ह्या वाऱ्याचा उपयोग कसा होतो, त्याचे सुंदर उदाहरण आपल्याच मार्गावर घडले. एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे, आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून नेले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटर भरला. चौदाशे किलोमीटर अधिक! तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. १५,३०० ला १४.५ ने भागून पाहा. ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतात. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास. उरलेले दीडशे वाऱ्याने दिले. लांबचा रस्ता लवकर संपला, तो असा.

म्हणून कोणी "अंतर किती?" असे विचारले तर दोन उत्तरे द्यावी लागतात. गोलावरचा ताणलेला दोरा १२,४०० किलोमीटरांचा, पण विमान त्या दिवशी जाते ती वाट वेगळी. वैमानिक व त्यांचे साहाय्यक उड्डाणापूर्वी वाऱ्याचे ताजे नकाशे पाहून वाट ठरवितात. त्यामुळे सोमवारची वाट आणि मंगळवारची वाट सारखी असेलच असे नाही.

आकाशाच्या सीमा

वाऱ्याखेरीज आणखी एक गोष्ट वाट बदलते, ती म्हणजे राज्यांच्या सीमा. जमिनीसारखीच आकाशालाही हद्द असते, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या हद्दीतून जाता येत नाही. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलै २०१९ रोजी उघडले. तेवढे महिने दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना तीच बंदी पुन्हा झाली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोप-अमेरिकेच्या अनेक कंपन्यांच्या विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. तेव्हा एकाच गावाहून एकाच गावाला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ का लागतो, याचे एक कारण हेही असू शकते. वळसा लांबला तर जास्त इंधन लागते, आणि कधी ते घेण्यासाठी मध्येच कोठे तरी उतरावे लागते. तिकीट काढताना "थेट आहे की वाटेत थांबते?" हे विचारून घ्यावे ते ह्याचसाठी.

दोन घड्याळे

आता सर्वांत अधिक घोटाळा जेथे होतो ती गोष्ट. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. ह्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली की हिशेब फसतो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. आपली भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे आणि ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईकरांनी मात्र १९५५ पर्यंत आपली एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी 'मुंबई वेळ' जपून ठेवली होती, हे वडील मंडळींकडून ऐकलेले पुष्कळांना आठवत असेल. एकाच देशात एकोणचाळीस मिनिटांनी गाड्या चुकत, तेथे सॅन फ्रान्सिस्को तर साडेतेरा तास मागे!

उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे करतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेबारा तासांचा असतो. उरलेल्या काळात साडेतेरा तासांचा. लक्षात ठेवण्याची सोपी युक्ती सांगतो. आपली वेळ घ्या आणि सकाळची रात्र करा, म्हणजे बारा तास मागे जा. मग उन्हाळ्यात आणखी अर्धा तास आणि हिवाळ्यात दीड तास वजा करा. आपल्याकडे सोमवारी सकाळचे आठ वाजले असतील, तर बारा तास मागे म्हणजे रविवार रात्रीचे आठ. त्यातून हिवाळ्यात दीड तास काढला की तेथे रविवारचे संध्याकाळचे साडेसहा. नातवाला फोन करण्यास ही वेळ उत्तम. आपल्याकडे दुपारी तीनला फोन केला, तर तेथे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, मग सून घाबरून उठते आणि आजी म्हणतात, "सहजच केला होता ग!"

आता प्रवासाचा हिशेब करू. समजण्यासाठी उड्डाण सोळा तासांचे धरू. वेळाही उदाहरणादाखल घेतलेल्या आहेत. हिवाळ्यात मंगळवारी पहाटे चारला विमान दिल्लीहून निघाले. सोळा तासांनी दिल्लीत मंगळवार रात्रीचे आठ वाजतील. त्यातून साडेतेरा तास वजा केले की सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवार सकाळचे साडेसहा. म्हणजे तिकिटावर दिसते पहाटे चारला निघणे आणि त्याच दिवशी साडेसहाला पोहोचणे! एका आजोबांनी असे तिकीट पाहून मला विचारले होते, "अडीच तासांत अमेरिका? मग इंदूर-उज्जैन बसला काय झाले आहे?"

येताना ह्याच्या उलट. शुक्रवारी रात्री आठला विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. सोळा तासांनी तेथे शनिवार दुपारचे बारा वाजतील. त्यात साडेतेरा मिळविले की दिल्लीत रविवार पहाटेचा दीड. प्रवास सोळा तासांचाच, पण शुक्रवारी निघालेला माणूस रविवारी उतरतो आणि घरची मंडळी म्हणतात, "शनिवार कोठे गेला?" शनिवारचा उपास करणाऱ्यांनी तो विमानात केव्हा धरावा, हा प्रश्न मी शास्त्रीबुवांवर सोपवितो.

ह्याचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर ह्या थेट सेवेचे पहिले उड्डाण. ते विमान ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री तेथून निघाले. कॅप्टन झोया अग्रवाल ह्यांच्या नेतृत्वाखाली सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. उत्तर ध्रुवाकडून सुमारे १६,००० किलोमीटरांची वाट काटून विमान ११ जानेवारीच्या पहाटे बंगळूरला उतरले. नुसत्या तारखा पाहिल्या तर दोन दिवस लागले असे वाटेल. आकाशात होते ते सुमारे सतरा तास.

दारापासून दारापर्यंत

इतका हिशेब कळला तरी एक भाग राहतोच, आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. विमानाची वेळ ही एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतची असते. माणूस मात्र दारापासून दारापर्यंत प्रवास करतो.

परदेशी जाणाऱ्या विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ वेगळा. दिल्लीला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि कस्टम यांत तास-दीड तास सहज जातो. इंदूरचे विमान लगेच असेलच असे नाही. ते असले तरी त्याचे दीड तास आणि शिवाय त्याच्यासाठी आधी पोहोचण्याचा वेळ. मग विमानतळावरून घर. सोळा तासांच्या उड्डाणाचे असे सव्वीस-सत्तावीस तास सहज होतात, आणि तेही सगळ्या गाठी नीट जुळल्या तर.

इंदूरकरांना एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९३७ मध्ये टाटांच्या विमान कंपनीने मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली, तेव्हा ते विमान इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी गावे घेत दिल्लीला जात असे. आपले गाव त्या काळीच आकाशाच्या रस्त्यावर आले. पण मोठा रस्ता जवळून गेला, तरी घरापर्यंतची शेवटची वाट आपली आपल्यालाच चालावी लागते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

वृद्ध मंडळींनी प्रवासाला निघताना हेच दारापासूनचे तास मनात धरावेत. वेळच्या वेळी घ्यावयाची औषधे, विशेषतः मधुमेहाची, कोणत्या घड्याळाने घ्यावयाची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमानात अधूनमधून उठून चार पावले चालावे. फार वेळ बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. आणि पोहोचल्यावर पहिले काही दिवस रात्री झोप न येणे व दुपारी डोळे मिटणे हे दुखणे नव्हे. शरीराचे घड्याळ साधारणपणे रोज तासाभराने सरकते. बारा-तेरा तासांचा फरक अंगवळणी पडण्यास आठवडा-दीड आठवडा लागणारच. चिरंजिवांनीही आईवडील उतरल्या दिवशीच त्यांना हिंडविण्याचा बेत करू नये.

बुधवारचा शुक्रवार

आता सुरुवातीच्या हकिकतीकडे येऊ. बुधवारी सकाळी सहाला इंदुरातून फोन गेला. त्या क्षणी सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारची दुपार, साडेचार वाजले होते. त्या दिवशीचे विमान रात्री आठला सुटणारे. मुलगा कामाच्या ठिकाणी, पासपोर्ट घरी, संध्याकाळची वाहनांची गर्दी, हातात तिकीट नाही. ते विमान मिळणे शक्य नव्हते. ते मिळाले असते, तर तो गुरुवारी सकाळी साडेआठला घरी आला असता. म्हणजे फोननंतर साडेसव्वीस तासांनी.

पुढचे विमान बुधवारी रात्री आठचे. आपल्याकडे तेव्हा गुरुवार सकाळचे साडेनऊ वाजलेले. त्यात सोळा तास मिळवा; शुक्रवार पहाटे दीडला दिल्ली. सकाळी सहाचे इंदूरचे विमान, साडेसातला इंदूर, साडेआठला दार. फोन झाल्यापासून साडेपन्नास तास. त्यात त्याने एक मिनिटही वाया घालविले नव्हते. मामांनी सोळा तास धरले, ते उड्डाणाचे; मुलाने सांगितला तो दाराचा हिशेब. दोघांचेही आकडे खरे होते, पण त्यातला एकच त्या प्रसंगी कामाचा होता.

अशा वेळी थांबावे की थांबू नये, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. शास्त्रालाही अडचण मान्य आहे, आणि पुतण्याने दिलेला अग्नी कमी पवित्र नसतो. त्याविषयी मला काही सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, निर्णय घेताना खरा आकडा हातात असावा. तो आकडा त्या दिवशी कोणी सांगितला असता, तर कदाचित तरीही घरच्यांनी थांबू नये असेच ठरविले असते. पण "यायचे नसेल तर तसे सांग" हे शब्द फोनवरून गेले नसते. पुढे मामांनी तेराव्याला त्याच्या पाठीवरून हात फिरविला, परंतु गेलेला शब्द परत घेता येत नाही.

म्हणून माझी सर्व सभासद कुटुंबांना विनंती आहे. ज्यांची मुले दूर आहेत त्यांनी एखाद्या निवांत रविवारी मुलाशी बोलून पाच गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात. त्याच्या गावाचे आणि आपले घड्याळ यांतील उन्हाळी व हिवाळी फरक, तेथून दिल्लीला किंवा मुंबईला येणारे विमान दिवसातून किती वेळा आणि केव्हा सुटते, उड्डाणाचे तास, दारापासून दारापर्यंतचे तास, आणि एक विमान चुकले तर किती तास वाढतात. पासपोर्टची व व्हिसाची मुदत संपत नाही ना, हेही त्याला त्याच वेळी विचारावे. कागद फोनजवळ किंवा देवघराच्या फडताळात ठेवावा. लग्नकार्याच्या तारखा धरतानाही तोच उपयोगी पडेल, आणि देव करो, तेवढ्यासाठीच तो काढावा लागो.

शाळेत असताना मुले विचारीत, "सर, रेखांश पाठ करून काय उपयोग?" तेव्हा मी परीक्षेचे नाव सांगून वेळ मारून नेत असे. त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यास मला फार उशीर झाला. ट्रस्टच्या ह्या मंगल प्रसंगी, ह्या चार पानांमुळे एखाद्या घरात दूरच्या मुलाला न विचारताच कोणी समजून घेतले, तर मी हे लिहिल्याचे सार्थक झाले असे मानीन.